चौदावं वाक्य

सासूबाईंना परिषदेला न्यायचं की नाही, यावर घरात आठवडाभर खल झाला. नवऱ्याचं म्हणणं असं, की पाच तासांचा बसचा प्रवास आईच्या गुडघ्यांना झेपणार नाही, आणि तिथे तीन दिवस ती करणार काय? सुनेचं म्हणणं असं, की ज्यांच्या बोलण्यावर सगळा निबंध उभा आहे, त्यांना एकदा तरी कळू दे, आपलं बोलणं कुठवर पोचलंय ते. सासूबाई स्वतः हूं की चूं करत नव्हत्या. शेवटी एका सकाळी त्यांनीच विचारलं, तिथे पाठीला टेका असलेल्या खुर्च्या आहेत ना? आहेत म्हटल्यावर त्यांनी पिशवी भरायला घेतली.

सून कॉलेजात भाषाशास्त्र शिकवायची. घरात तिला सगळे मास्तरीण म्हणत. हे नाव सासूबाईंनीच पाडलेलं. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात ही मुलगी हातात वही घेऊन त्यांच्या शिलाई मशीनपाशी ठाण मांडायची आणि बॉबिनला काय म्हणतात, उसवायला काय म्हणतात, सुई हरवली हे कसं सांगायचं, असं विचारून त्यांना भंडावून सोडायची. सासूबाई पायाने मशीन चालवत उत्तरं द्यायच्या. सासूबाईंच्या बोलीचा एक शब्दही न येणारी सून अकरा वर्षांत त्यांच्याशी तासन्‌तास बोलू लागली. नवऱ्याचा मात्र उलटा प्रकार. तो सहाव्या वर्षी वसतिगृहात गेला तो चष्म्याचं दुकान टाकूनच परतला. आईशी दोन वाक्यं बोलीत बोलला की तिसऱ्या वाक्याला त्याची गाडी अडायची.

या बोलीला तिचे लोक ‘वरची’ म्हणत. धरणाच्या वरच्या अंगाला अकरा गावं, तिथली ती वरची. बोलणारे सहा-सात हजार, त्यातले निम्मे साठीच्या पुढचे. मास्तरीण तिच्यावर जीव ओवाळून टाकायची, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे क्रियापदांची शेपटं. वरचीत झालेली गोष्ट सांगताना क्रियापदाच्या शेवटी एक लहानसा आवाज जोडतात. गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली असेल तर एक शेपूट, दुसऱ्याकडून ऐकली असेल तर दुसरं. म्हणजे ‘दूध उतू गेलं’ एवढं सांगितलं, की सांगणारा चुलीशी होता की बाहेर अंगणात, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. चाळीस वर्षांपूर्वी कुणा अभ्यासकाने लिहिलेल्या जुन्या व्याकरणात म्हटलं होतं, की शेपटाविना क्रियापद या भाषेत सापडतच नाही.

मास्तरणीला मात्र ते पावलोपावली सापडत होतं. तिने सासूबाईंचं बोलणं रेकॉर्ड केलं, वर्षातून दोनदा वरच्या गावांत जाऊन आणखी सतरा जणांना बोलतं केलं, आणि डोळ्यांत तेल घालून मोजलं. शंभरातल्या जेमतेम नऊ क्रियापदांना शेपूट होतं. तिने वर्गात ज्यांना वरची शिकवली त्या विद्यार्थ्यांना शेपटं जमत नव्हती, यात नवल काही नव्हतं; पण मूळ बोलणारेच ती टाकून देत होते. याचा अर्थ तिने असा काढला, की एका पिढीत ही शेपटं संपतील. परिषदेचा विषयच होता दुसरी भाषा म्हणून लहान भाषा शिकणं, आणि तिचा निबंध दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ठेवला होता. विभागप्रमुखांना तो इतका आवडला होता, की त्यांच्या संपादनाखाली निघणाऱ्या ग्रंथातलं पहिलं प्रकरण त्यांनी तिला देऊन टाकलं होतं. उदाहरणांच्या कागदाच्या ऐंशी प्रती छापून झाल्या होत्या.

परिषदेची इमारत नवी होती. काचेचे दरवाजे, पायाचा आवाज होऊ न देणारा गालिचा, दर मजल्यावर पाण्याचं यंत्र. दारातच गळ्यात अडकवायचे बिल्ले देत होते. सासूबाईंच्या बिल्ल्यावर नावाखाली ‘माहितीदाता’ असं छापलं होतं. त्यांनी तो लांब धरून वाचला आणि विचारलं, मी कुणाला माहिती द्यायची आहे? मास्तरीण म्हणाली, द्यायची ती देऊन झालीय, आता नुसतं बसायचं. यावर त्यांनी बिल्ला उलटा करून घातला.

पहिल्या दिवशीची सकाळची सत्रं त्यांनी टेका असलेल्या खुर्चीत बसून निभावली. व्याख्यानांतलं त्यांना काही कळलं नाही, पण कुणाच्या कोटाची बाही लांब आहे आणि कुणी विजार दुमडून टाके घातलेत, हे त्यांनी जेवताना सुनेच्या कानात सांगितलं. दुपारी मास्तरणीला विभागप्रमुखांसोबत दोन-चार मोठ्या लोकांना भेटायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, मी जरा पाय मोकळे करते, पिशवीतली गोळीही घ्यायची आहे. पिशवी तळमजल्यावर सामान ठेवायच्या खिडकीत जमा होती.

तासाभराने मास्तरीण त्यांना शोधत खाली आली, तेव्हा खिडकीबाहेर कुणी नव्हतं. आत, रांगेने लावलेल्या बॅगांमध्ये, सासूबाई एका उलट्या खोक्यावर बसल्या होत्या आणि समोर स्टुलावर बॅगा सांभाळणारी बाई होती. पन्नाशीची, निळ्या गणवेशातली. दोघी वरचीत बोलत होत्या. पिशवी मागताना सासूबाई गुडघ्याला उद्देशून काहीतरी पुटपुटल्या होत्या, ते हिने ऐकलं होतं. ही निघाली वरच्या गावांतली, लग्नानंतर इकडे आलेली, आणि वीस वर्षांत घराबाहेर कुणाशी वरची बोलली नव्हती.

मास्तरीण दारातच थांबली. आत जे चाललं होतं ते तिला नीट उमगत नव्हतं. सासूबाई एवढ्या वेगाने बोलतात हे तिला माहीतच नव्हतं. त्यांचा आवाजही निराळा होता, खालच्या पट्टीतला आणि जरा खट्याळ. आणि क्रियापदांना शेपटं होती. एका वाक्याला, दुसऱ्या वाक्याला, प्रत्येक वाक्याला. पाहिलेल्याचं, ऐकलेल्याचं, पुन्हा ऐकलेल्याचं. मास्तरीण सवयीने बोटांवर मोजू लागली आणि वीसच्या पुढे तिने मोजणं सोडून दिलं. एकही क्रियापद बोडकं नव्हतं.

मग सासऱ्यांचा विषय निघाला. सासरे पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होते आणि मास्तरीण या घरात येण्याच्या बऱ्याच आधी वारले होते. ते कसे गेले, हे सासूबाईंनी तिला अनेकदा सांगितलं होतं. सकाळची वेळ, बाहेरच्या बाकावर बसले होते, पाणी मागितलं, पाणी येईपर्यंत गेले. ही हकीकत तिला तोंडपाठ होती. त्यातली दोन वाक्यं तिने निबंधात उदाहरण म्हणून घेतली होती, चौदाव्या क्रमांकावर: ‘त्यांनी पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत ते गेले.’ आणि खाली टीप लिहिली होती, की बोलणारी व्यक्ती स्वतः हजर असूनही पाहिलेल्याचं शेपूट लावत नाही, म्हणजे प्रत्यय किती झिजलाय पाहा.

आता सासूबाई तीच दोन वाक्यं बॅगांच्या बाईला सांगत होत्या. मागितलं, ऐकलेल्याचं शेपूट. गेले, ऐकलेल्याचं शेपूट.

त्या तिथे नव्हत्याच.

तेवढ्यात सासूबाईंचं दाराकडे लक्ष गेलं. त्यांनी मैत्रिणीला हीच माझी सून म्हणून सांगितलं आणि सुनेकडे वळून नेहमीच्या सुरात, सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, की गोळी घेतली, आता बरं वाटतंय. बॅगांच्या बाईने आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

“मावशी,” ती म्हणाली, “एवढ्या मोठ्या सुनेशी तुम्ही पाळण्यातल्या बाळाशी बोलल्यासारखं का बोलता?”

सासूबाईंनी तिला डोळ्यांनी दटावलं. पण बोलून झालं होतं.

मास्तरणीने दुपारचं उरलेलं सत्र ऐकलं नाही. ती मागच्या रांगेत बसून उदाहरणांचा कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिली. अठरा माणसं, साठ तासांचं रेकॉर्डिंग, आणि त्यातला एकूणएक माणूस तिच्याशीच बोलत होता. गावात गेलं की लोक तिच्यासाठी सतरंजी अंथरायचे, मुलांना गप्प करायचे, आणि मग बाईंना समजेल असं बोलायचे. आपसात बोलायला लागले की तिला कळेनासं व्हायचं, आणि रेकॉर्डर बंद असायचा. कारण मुलाखत संपलेली असायची. हे सगळं तिच्या नाकासमोर घडत होतं. आपली वरची चांगली आहे, या समजुतीत ती इतकी वर्षं खूश होती.

तिने नवऱ्याला फोन लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, बाबा गेले तेव्हा आई कुठे होत्या?

“शाळेत,” तो म्हणाला. “पोरांचे गणवेश पोचवायला गेली होती. शेजारच्या काकू होत्या घरी. का गं?”

त्याला वाटत होतं, हे तिला ठाऊकच असणार. अकरा वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं, म्हणून त्याने सांगितलं नव्हतं. त्याचंही चूक नव्हतं. कुठे होतात, हा प्रश्न वरचीत कुणाला विचारावाच लागत नाही. तिलाही तो विचारावासा वाटला नव्हता, आणि ते वरची येत असल्यामुळे नव्हे, येत नसल्यामुळे.

चहाच्या वेळी तिने विभागप्रमुखांना गाठून सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले की ही गोष्ट महत्त्वाची आहे, पण व्यासपीठावर स्वतःचाच निबंध मोडीत काढण्यात काय हशील? उद्या छापलंय ते वाचा. शेवटी म्हणा, की नैसर्गिक संभाषणाचा अभ्यास अजून व्हायचा आहे. पुढच्या वर्षी त्यावर दुसरा निबंध लिहा. सगळे असंच करतात. मास्तरणीला ते पटलंही. ग्रंथातलं प्रकरण, त्यावर अवलंबून असलेली बढती, ऐंशी छापील कागद. वीस मिनिटांचा प्रश्न होता, आणि वरची समजणारं त्या सभागृहात होतं कोण?

संध्याकाळी अतिथिगृहाच्या खोलीत सासूबाई पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. सुनेच्या उद्याच्या कुर्त्याची शिवण काखेत उसवलेली त्यांना सकाळीच दिसली होती; ती त्या शिवत होत्या. मास्तरीण समोरच्या खुर्चीत बसली. कुठून सुरुवात करावी ते तिला कळेना, म्हणून तिने सरळच विचारलं, की तुम्ही माझ्याशी शेपटं का लावत नाही?

शेपटं म्हणजे काय, हे आधी सासूबाईंना समजावून सांगावं लागलं. त्यांच्या लेखी त्याला नावच नव्हतं. समजल्यावर त्यांनी आणखी दोन-तीन टाके घातले.

“तू आलीस ना,” त्या म्हणाल्या, “तेव्हा प्रत्येक शेपटाला अडायचीस. कपाळाला आठ्या पडायच्या. मला वाटलं, पोर आपली माणसं सोडून आलीय, आपल्यासाठी बोली शिकतेय, तिला कशाला ठेचा लागू द्यायच्या. म्हणून मी काढून टाकली. मग तीच सवय पडली.”

“पण मी विचारायची तुम्हाला. असं म्हटलं तर चालेल का, म्हणून.”

“चालेल म्हणायची मी. कळत होतंच की, तुला काय म्हणायचंय ते.”

मास्तरीण म्हणाली, की अकरा वर्षांत तुम्ही माझी एक चूक काढली नाहीत. सासूबाई म्हणाल्या, सुनेच्या चुका काढणाऱ्या सासवा मी पुष्कळ पाहिल्यात. आणि या ‘पाहिल्यात’ला त्यांनी, बहुधा नकळत, पाहिल्याचं शेपूट लावलं. दोघींनाही ते एकदम जाणवलं. सासूबाई गालातल्या गालात हसल्या.

मग मास्तरणीने पिशवीतून कागद काढला आणि चौदाव्या वाक्याबद्दल सांगितलं. हे वाक्य मी छापलंय, त्याखाली तुम्ही तिथे होतात असं लिहिलंय, आणि ते उद्या ऐंशी लोकांच्या हातात जाईल. सासूबाईंनी सुई कुर्त्यात टोचून ठेवली. कागद हातात घेतला, पण वाचला नाही.

“मी नव्हते,” त्या म्हणाल्या. “निघताना त्यांनी विचारलं होतं, लवकर येशील ना? येते म्हटलं. शाळेत एका पोराची विजार आखूड झाली होती, ती तिथेच उसवून देत बसले.” त्यांनी कागद मांडीवर ठेवला. “पाणी शेजारणीने आणलं. ती सांगते, मागितलं म्हणून. मी ऐकलं नाही.”

मास्तरणीला वाटत होतं, की आपण इतकी वर्षं या बाईच्या दारापर्यंत येऊन आत डोकावलोच नाही. वाक्य कागदावरून काढून टाकते, कुणाला काही सांगत नाही, असं ती म्हणाली. सासूबाईंनी मान हलवली. काढू नकोस, दुरुस्त कर, म्हणाल्या. मी तिथे होते असं कुठे छापून राहायला नको. मला ते खोटं वाटेल. आणि कुर्ता पुन्हा हातात घेऊन शिवण पुरी केली, दोरा दाताने तोडला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सत्राला पस्तीस-चाळीस माणसं होती. तिसऱ्या रांगेत सासूबाई होत्या, आणि त्यांच्या शेजारी निळ्या गणवेशातली बॅगांची बाई, खिडकीवर सोबतणीला बसवून अर्ध्या तासाची सवड काढून आलेली. विभागप्रमुख पहिल्या रांगेत होते. कागद सगळ्यांच्या हातात पोचले होते.

मास्तरीण माइकसमोर उभी राहिली. रात्री तिने नवं भाषण लिहायला घेतलं होतं आणि अर्ध्यावर सोडलं होतं. पहिली पाच मिनिटं तिने छापलेलंच वाचलं: अकरा गावं, अठरा माणसं, शंभरात नऊ. आकडे खरेच होते. मग ती थांबली आणि म्हणाली, की तुमच्या हातातल्या कागदावरचं चौदावं वाक्य बघा. त्याखालची टीप चुकीची आहे. आणि ती चुकीची असल्यामुळे माझा निष्कर्षही चुकीचा आहे.

पुढचं तिने न वाचता सांगितलं. काल दुपारी सामानाच्या खिडकीत काय ऐकलं ते सांगितलं. मी अकरा वर्षं जी भाषा मोजली ती या लोकांची आपसातली भाषा नव्हती, त्यांनी माझ्यासाठी सोपी करून दिलेली भाषा होती, असं सांगितलं. बाळाशी बोलल्यासारखी, हा शब्दही तिने वापरला, आणि तिसऱ्या रांगेत बॅगांच्या बाईने ओशाळून खाली पाहिलं. वरचीची शेपटं गळताहेत की नाहीत, हे आज मला माहीत नाही. ते शोधण्यासाठी मी खोलीत नसताना लोक काय बोलतात ते ऐकायला हवं.

सभागृह नुसतं अवघडलं. पाहुण्यांदेखत घरातली गोष्ट निघाल्यावर होतं तसं. एका तरुण संशोधिकेने हात वर केला आणि जरा रागानेच म्हणाली, की तिने आपल्या प्रबंधात या निबंधाच्या आधीच्या मसुद्याचा दाखला दिलाय, आता तिने काय करायचं? मास्तरणीने तिची क्षमा मागितली आणि तो दाखला काढून टाकायला सांगितलं. मग कानाला यंत्र लावलेले एक वृद्ध अभ्यासक सावकाश उठले. त्यांनी विचारलं, की ही साठ तासांची रेकॉर्डिंग्ज तुम्ही टाकून तर देणार नाही ना? सासू सुनेशी भाषा कशी सोपी करते, कोणत्या वर्षी काय काढते आणि काय परत घालते, हे आमच्यापैकी कुणाकडेही नाही. मास्तरीण म्हणाली, टाकणार नाही. पण त्यांचं म्हणणं तिच्या डोक्यात शिरायला बरेच दिवस गेले. त्या घडीला ते तिला सांत्वन वाटलं.

शेवटी अध्यक्षांनी, सत्राला जरा हलकेपणा यावा म्हणून असेल, आजींना बोलीत दोन शब्द बोलायची विनंती केली. सासूबाई बसूनच होत्या. त्यांनी बॅगांच्या बाईच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि तिने उभं राहून सभागृहाला कळवलं, की मावशी म्हणतात, कुणाशी बोलायचं ते सांगा, म्हणजे बोलते. लोक हसले. अध्यक्षही हसले आणि त्यांनी घंटी वाजवली.

विभागप्रमुख चहापर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. मग कप हातात घेऊन आले आणि म्हणाले, की ग्रंथातून प्रकरण काढावं लागेल, नाइलाज आहे. तिने मान डोलावली. त्यांनी आणखी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात कुणीतरी त्यांना हाक मारली. त्या वर्षी बढती झाली नाही. पुढच्या वर्षीही नाही. तिला वाईट वाटलं, तिने ते नवऱ्याला सांगितलं, आणि दोघांनी मिळून त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

परतीच्या बसमध्ये मास्तरणीने सासूबाईंना विनवलं, की आता माझ्याशीही तसंच बोला, खिडकीत बोलत होतात तसं. सासूबाई म्हणाल्या, दमशील. दमू दे, ती म्हणाली. मग सासूबाई बोलल्या, जवळजवळ दोन तास. मास्तरणीला निम्मं कळलं, निम्मं डोक्यावरून गेलं, आणि उतरेपर्यंत तिचं डोकं खरंच ठणकायला लागलं. पण सासूबाईंच्या आवाजाची ती खालची पट्टी त्या दोन तासांत एकदाही वर गेली नाही.

बॅगांच्या बाईचा फोन दर रविवारी येऊ लागला. तिला रेकॉर्डिंग चालेल का, असं विचारल्यावर ती म्हणाली, की चालेल, पण सूनबाई तिथे बसणार नसतील तर. म्हणून रविवारी सकाळी मास्तरीण रेकॉर्डर टेबलावर ठेवून चालू करायची, फोनचा स्पीकर लावायची, आणि बाजारात निघून जायची. परत येऊन ती ते ऐकायची, पुन्हा ऐकायची, आणि न कळलेलं सासूबाईंना विचारायची. तिने नवी वही सुरू केली होती. मोजायची घाई तिला आता नव्हती.

असाच एकदा ती बाजारातून परतली आणि भाजी ओट्यावर ठेवता ठेवता सासूबाईंना वरचीत सांगू लागली, की कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानात काल पाणी शिरलं, कापडाचे तागे भिजले. बोलण्याच्या भरात तिने शेपटंही लावली, न अडखळता.

सासूबाई मशीनवर होत्या. त्यांनी पाय थांबवला.

“तू पाहिलंस?”

“नाही. भाजीवाली म्हणाली.”

“मग तसं सांग,” सासूबाई म्हणाल्या. “पाहिल्यासारखं कशाला सांगतेस?”

मास्तरणीने हातातली पिशवी खाली ठेवली आणि वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी दुसरं शेपूट लावून. सासूबाईंनी ऐकलं, उच्चार अजून जरा आखूड हवा म्हणाल्या, आणि तो कसा ते दोनदा म्हणून दाखवलं. मग त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं आणि विचारलं, तागे सुती होते की रेशमी?